ओरिजिनलशिवाय काढलेलं ट्रेसिंग

अशा गोष्टी सांगणाऱ्या माणसांचा मला पहिल्यापासून कंटाळा. आमच्या कंपनीत वॉचमनपासून कॅन्टीनच्या मावशींपर्यंत प्रत्येकाकडे एक तरी गोष्ट असायची... बॉयलरमागे उभी राहणारी बाई, आपोआप सुरू झालेलं लेथ मशीन. मी डबा खाता खाता ऐकायचे आणि मनात म्हणायचे, आधी वायरिंग तपासा. आजही माझं मत फारसं बदललेलं नाही. करणी, उतारे, अंगात येणं यातलं काहीही मी मानत नाही. पण एक गोष्ट माझ्या हातून घडली — अक्षरशः हातून — आणि ती मी आजवर चार-पाच माणसांपलीकडे कुणाला सांगितलेली नाही. ज्यांना वाईट वाटलं असतं अशी माणसं आता राहिली नाहीत, म्हणून लिहिते आहे. नावं तेवढी बदलली आहेत.

साल १९८७. मी एकोणतीस वर्षांची होते. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसमध्ये ट्रेसर म्हणून नोकरीला होते. आजच्या मुलांना हे काम सांगावं लागतं. इंजिनिअर पेन्सिलने ड्रॉइंग काढायचे, त्यावर आम्ही ट्रेसिंग पेपर पसरायचा आणि खाली दिसणाऱ्या रेषा शाईने गिरवायच्या. मग त्या ट्रेसिंगवरून अमोनियाच्या मशीनवर हव्या तेवढ्या प्रती निघायच्या. दिवसभर मान खाली, हात स्थिर. मला ते काम आवडायचं.

राहायला मी आणि आई बदलापूरला. कुळगावात, तीन मजली बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. पश्चिमेच्या खिडकीतून लांबवर चंदेरीचा डोंगर दिसायचा. त्या खिडकीशी माझा ड्रॉइंग बोर्ड होता. एका आर्किटेक्टची बाहेरची कामं मी रविवारी घरी करत असे.

शाई, निब, ट्रेसिंग पेपरचे रोल हे सगळं मी उल्हासनगरला कॅम्प नंबर चारमधल्या एका स्टेशनरीच्या दुकानातून घ्यायचे. मालक किशनचंद अंकल. साठीचे, सडपातळ, फार न बोलणारे. मी सहा-सात वर्षांची गिऱ्हाईक होते, त्यामुळे मी गेले की ते स्टूल पुढे करायचे आणि चांगला रोल आतून काढून द्यायचे.

त्या जुलैत मी रोल घ्यायला गेले तेव्हा काउंटरच्या कडेला एक मोठा चपटा खोका पडला होता. त्यावर एका लाल गाडीचं चित्र. जुन्या काळची, उभ्या काचेची दोन माणसांची गाडी, पण तिचे मडगार्ड काढून टाकलेले, बॉनेट नाही, इंजिन उघडं, त्यातून बाहेर आलेले चकचकीत पाइप. मागची चाकं जाडजूड, पुढची बारीक. दाराच्या बाजूने पिवळ्या ज्वाळा रंगवलेल्या. कोपऱ्यात लिहिलेलं — स्केल १:२५. तेवढ्यानेच माझं लक्ष गेलं असावं. स्केल दिसलं की आमचे डोळे थांबतात.

मी विचारलं, हे काय आहे. अंकल म्हणाले की असंच पडलंय, जागा खातंय, तुला पाहिजे तर घेऊन जा. मी थट्टेने म्हटलं, उल्हासनगरचा माल असेल. त्यावर ते नेहमी हसले असते. त्या दिवशी हसले नाहीत. "असली है बेटी, अमेरिका का है," एवढं म्हणून त्यांनी तो खोका माझ्या रोलबरोबर सुतळीने बांधून टाकला. पैसे घेतले नाहीत.

घरी येऊन उघडला तर आत प्लॅस्टिकचे शंभरेक भाग. झाडाच्या फांदीला पानं असावीत तसे एका दांडीला चिकटलेले, प्रत्येकाशेजारी बारीक आकडा. काही भाग आधीच कुणीतरी तोडून घेतले होते. एक मागचं चाक जोडून झालं होतं, स्टिअरिंगला काळा रंग दिलेला होता. गोंदाची ट्यूब वाळून दगड झाली होती. आणि जोडणीची माहिती देणारा कागद मात्र नव्हता. खोक्यावरचं एक चित्र सोडलं तर कुठला भाग कुठे जातो ते सांगणारं काहीच नाही.

ऑफिसातले आमचे सीनिअर ड्राफ्ट्समन फर्नांडिस साहेब गाड्यांचे शौकीन. त्यांनी सांगितलं की याला हॉट रॉड म्हणतात. अमेरिकेत पोरं भंगारातल्या जुन्या गाड्या घ्यायची, नको ते सगळं उतरवून टाकायची आणि आत दांडगं इंजिन बसवायची. कंपनीच्या लॅबमधल्या एकाने औषधाच्या बाटलीत थोडं सॉल्व्हंट दिलं, ते ब्रशने लावलं की प्लॅस्टिक एकमेकांत विरघळून पक्कं बसतं. झालं, मला नादच लागला. रविवारी जेवण आवरलं की मी दाढीच्या ब्लेडने एकेक भाग दांडीवरून कापायचे, कडेला राहिलेला पापुद्रा नखांच्या कानशीने घासायचे आणि अंदाजाने जोडून बघायचे. आई म्हणायची, लग्नाच्या वयात खेळणी घेऊन बसलीय. पण तिलाही ते इंजिन हातात घेऊन बघायला आवडायचं. बोटाच्या पेराएवढं, पण त्याला आठही सिलिंडर होते.

तीन रविवार बरे गेले. चौथ्या रविवारी मी अडले. इंजिन चासीमध्ये, म्हणजे खालच्या सांगाड्यात, बसवून चिकटवलं आणि मग लक्षात आलं की पुढच्या चाकांचा दांडा, म्हणजे ॲक्सल, आता आत जाणारच नाही. इंजिन परत उचकटताना एक पाइप तुटला. माझ्या हातून वस्तू मोडत नाहीत, त्यामुळे मी फार चिडले. ठरवलं, आता अंदाजाने नाही. पुढच्या रविवारी सगळे भाग मोजायचे, त्यांचं रीतसर असेंब्ली ड्रॉइंग काढायचं आणि मगच पुढे जायचं.

तो पुढचा रविवार गणपतीच्या आधीचा होता. दुपारचा दीड वाजला असेल. आईने भांडी घासायला घेतली होती. मी बोर्डावर ट्रेसिंग पेपरचा मोठा तुकडा लावला. खाली काही नाही, नुसता पांढरा बोर्ड. विचार असा होता की आधी पेन्सिलने इंजिनचं एक कच्चं चित्र काढावं. पेन्सिल हातात घेतली, हे नक्की आठवतं. खिडकीतून डोंगर स्पष्ट दिसत होता, तेही आठवतं.

त्यानंतरचं मला सांगता येत नाही. झोप लागली म्हणावं तर मी बसलेली होते. चक्कर नाही, ताप नाही, भीती नाही. काम करताना वेळ जातो तसा वेळ गेला, एवढंच. भान आलं तेव्हा कपात चहा गार होऊन त्यावर साय धरली होती आणि घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

समोर पूर्ण ड्रॉइंग होतं. एक-दोन भागांचं नाही, अख्ख्या गाडीचं. सुटे भाग हवेत तरंगत असल्यासारखे दाखवतात तशी बारा चित्रं, प्रत्येक भागाला आकडा, बाण, कुठला आधी आणि कुठला नंतर. सगळं थेट शाईने. खाली पेन्सिलची एक रेघही नाही. हे आमच्या धंद्यातल्या माणसालाच कळेल — सरळ शाईने कुणी काढत नाही, मी तर कधीच नाही. चित्रांच्या मध्ये दोन ठिकाणी वरपासून खालपर्यंत बोटभर जागा कोरी सोडलेली होती. कशासाठी, ते मला कळेना. आणि उजव्या बाजूला, इंजिनच्या चित्राशेजारी, पेन्सिलने एक ओळ खरडलेली होती. मराठी नाही, इंग्रजी नाही. वळणं, उभ्या काड्या आणि टिंबं. मला वाटलं, हात भरकटला.

आईला विचारलं. ती अगदी सहज म्हणाली, "दोनदा हाक मारली तुला. चहा ठेवला तरी बघितलं नाहीस. आणि ते उलटं काय लिहीत होतीस गं? उजवीकडून डावीकडे?"

मी तिला म्हटलं, ऑफिसचं असतं काहीतरी. तिने विषय सोडला. मी मात्र त्या रात्री नीट जेवले नाही. मग मनाची समजूत घातली. महिनाभर ते भाग हाताळत होते, आकडे त्यांच्यावरच छापलेले होते, डोक्यात जुळणी तयार झाली असेल आणि एका बैठकीत उतरली असेल. टायटल ब्लॉकमध्ये, म्हणजे खालच्या कोपऱ्यातल्या माहितीच्या चौकटीत, सवयीने त्या दिवसाची तारीख घातली आणि पुढच्या रविवारपासून त्या ड्रॉइंगप्रमाणे गाडी जोडायला घेतली.

सगळं बसलं. एकही भाग उरला नाही, एकही कमी पडला नाही. तुटलेला पाइप मी फुटक्या रिफिलच्या तुकड्यातून नवा केला. बॉडीला लाल एनॅमलचे तीन हात दिले, दारावर ज्वाळांचे स्टिकर पाण्यात भिजवून सरकवले. दिवाळीच्या आठवड्यात गाडी पूर्ण झाली. आईने ती शोकेसमध्ये ठेवली आणि येईल त्याला दाखवू लागली.

नोव्हेंबरात मला शाई हवी होती. म्हटलं, अंकलनी दिलेला खोका, त्यांना काय झालं ते दाखवावं. शनिवारी अर्धा दिवस असायचा. गाडी बुटांच्या खोक्यात कापूस घालून घेतली, ट्रेसिंग गुंडाळून घेतलं आणि दुपारी दुकानात गेले.

अंकलनी गाडी हातात घेतली. नखाने एक चाक फिरवून बघितलं. मी उत्साहाने सांगत होते, कागदच नव्हता, मग मी स्वतः ड्रॉइंग काढलं. ते बघू म्हणाले. काउंटरवर ट्रेसिंग पसरलं, चष्मा लावला, आणि ते उजवीकडे वाकले. त्यांचे ओठ हलत होते. ते वाचत होते.

"ये किसने लिखा?"

मी म्हटलं, कुणी नाही, ते असंच रेघोट्या... त्यांनी मान हलवली आणि बोट ठेवून, उजवीकडून डावीकडे, वाचून दाखवलं. सिंधी होतं ते. आधी पुढचा ॲक्सल, मग इंजिन. आणि शेवटी तीन शब्द — "तकड़ न कर." म्हणजे घाई करू नकोस.

इथे मला एक कबूल करायला हवं. उल्हासनगरात त्या लिपीतल्या पाट्या तेव्हा दिसायच्या, पुड्या बांधून आलेले सिंधी पेपर मी लहानपणापासून पाहिले होते. डोळ्यांत आकार राहिले असतील, असं म्हणता येईल. पण वाक्य? आणि मी ज्या चुकीत अडकले होते, नेमकं त्या चुकीबद्दल?

अंकलनी त्या ओळीतल्या एका अक्षरावर बोट ठेवलं. तिथे चार टिंबं द्यायची असतात, ते म्हणाले. इथे टिंबं नव्हती, एक छोटी फुली होती. त्यांचा मुलगा हरेश शाळेपासून टिंबांऐवजी फुली मारायचा, मास्तरांचा मार खाऊनही त्याने ते सोडलं नव्हतं. खोका त्याचाच. अमेरिकेतल्या मामाने पाठवलेला. बावीस वर्षांचा हरेश होळीनंतर घर सोडून गेला होता. त्याला मोटारींचं काम करायचं होतं, अंकलना तो दुकानात बसायला हवा होता. खूप बोलाचाली झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो नव्हता. आठ महिने एक पत्र नाही. रागाच्या भरात अंकलनी त्याच्या वस्तू वाटून टाकल्या होत्या, त्यातला खोका माझ्याकडे आला होता.

मग त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघून अगदी हळू आवाजात विचारलं, "बेटी, मैं गुस्सा नहीं करूँगा. सिर्फ इतना बता दे... ज़िंदा है ना?"

मी म्हटलं, "अंकल, मी त्याला कधी पाहिलेलंसुद्धा नाही."

त्यांनी विश्वास ठेवला नाही. आज विचार करते तर त्यांच्या जागी कुणीच ठेवला नसता. मुलाचं अक्षर समोर होतं आणि ते घेऊन एक बिनलग्नाची मुलगी उभी होती. पुढच्या रविवारी सकाळी ते आणि आंटी बदलापूरला आमच्या दारात आले. आमच्या दोन खोल्यांत ते सगळं झालं. अंकल आईला हात जोडून सांगत होते की तुमच्या मुलीला म्हणा, पत्ता सांग, आम्ही त्याला काही बोलणार नाही. दोघांचं काही असेल तर त्यालाही आमची ना नाही. शेजारच्यांची दारं हळूहळू उघडत होती. आई पुढे झाली. तिने त्या रविवारचं जे पाहिलं होतं ते जसंच्या तसं सांगितलं, मी दोन हाकांना ओ दिली नाही, उजवीकडून डावीकडे लिहीत होते. अंकल म्हणाले, आई तर मुलीच्या बाजूनेच बोलणार. आणि उठून जिन्याकडे गेले.

आंटी मात्र बसून राहिल्या. कमला आंटी, गोल चेहऱ्याच्या, अंगाने लहानशा. त्यांनी ट्रेसिंग मांडीवर घेतलं होतं आणि त्या ओळीवरून बोट फिरवत होत्या. त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. फक्त म्हणाल्या, हे मला दे. मी दोन दिवसांनी ऑफिसात त्याची अमोनिया प्रिंट काढली. पेन्सिलची ओळसुद्धा त्यात नीट उठली. ती एका ओळखीच्या रिक्षावाल्याबरोबर आंटींना पाठवून दिली आणि मूळ ट्रेसिंग कपाटाच्या वर टाकलं.

नंतर मी त्या दुकानात गेले नाही. शाई कल्याणहून आणू लागले. बिल्डिंगमध्ये काही महिने कुजबुज चालली, मग थांबली. आईने मला एका शब्दाने विचारलं नाही, पण शोकेसमधली गाडी तिने आतल्या कप्प्यात सरकवून ठेवली. मला रात्रंदिवस एकच टोचायचं. तो मुलगा कुठेतरी मरून पडला असेल आणि माझ्या त्या कागदामुळे एक बाई त्याची वाट बघत बसली असेल. आपण ते दाखवायलाच नको होतं. हे ओझं मी सहा वर्षं वागवलं. सगळ्यात जड तेच होतं, बाकी गूढबिढ काही नाही.

१९९३ सालचा हिवाळा. ऑफिसात कॉम्प्युटर आले होते, आम्हा ट्रेसर लोकांना त्यांचं ट्रेनिंग सुरू होतं. एका रविवारी साडेदहाच्या सुमाराला दार वाजलं. बाहेर अठ्ठावीस-तिशीतला एक माणूस उभा होता. हाताच्या नखांत काळं ग्रीस, खांद्याला रेक्झिनची पिशवी.

"शैलाताई ना? मी हरेश. उल्हासनगरचा, किशनचंदचा मुलगा."

मी आईला हाक मारली. आईने त्याला आत घेतलं, पाणी दिलं. तो मराठी-हिंदी मिसळून बोलत होता. घर सोडल्यावर तो फिरत फिरत हुबळीला गेला होता. ट्रकच्या गॅरेजमध्ये राहिला, काम शिकला, आता स्वतःचं छोटं गॅरेज होतं. आधी रागाने लिहिलं नाही, मग लाजेने. त्या वर्षी त्याला मुलगी झाली, तिला हातात घेतल्यावर मात्र राहवेना, म्हणून बायकोला आणि बाळाला घेऊन पंधरा दिवसांपूर्वी घरी आला. आणि त्याच्या आईने त्याला पेटीतून माझी ती प्रिंट काढून दाखवली.

त्याने पिशवीतून एक कागद काढला. दोन ठिकाणी घड्या घालून घालून मऊ पडलेला, कोपऱ्याला तेलाचा डाग. त्या किटमधला जोडणीचा कागद. घर सोडताना तो त्याच्या शर्टाच्या खिशात होता, तसाच बरोबर गेला होता.

मी कपाटावरून ट्रेसिंग काढलं. धूळ झटकली. बोर्डावर त्याचा कागद पसरला आणि त्यावर माझं ट्रेसिंग ठेवून थोडं सरकवलं. हे मी आयुष्यात हजारो वेळा केलं होतं.

रेषेवर रेष बसली. बाराही चित्रं, आकडे, बाण. कमी नाही, जास्त नाही, आकारसुद्धा तोच. दोन कोऱ्या पट्ट्या त्याच्या कागदाच्या घड्यांवर आल्या. एकच फरक होता. त्याच्या कागदावर प्रत्येक चित्राखाली बारीक इंग्रजीत सूचना छापल्या होत्या, आणि त्या माझ्या ट्रेसिंगवर नव्हत्या. मला जे वाचता आलं असतं ते मी उतरवलं नव्हतं. उजव्या बाजूची सिंधी ओळ मात्र नेमकी तिच्या जागी होती, फुलीसकट.

मला अजून एक आशा होती. मी विचारलं, ही ओळ तू घरी असताना लिहिली होतीस ना? म्हणजे कुणीतरी ती पाहिली असेल, कुणाच्या तोंडून माझ्या कानावर...

तो नाही म्हणाला. हुबळीला गॅरेजमध्ये लागल्यावर त्याने एका गाडीचं इंजिन आधी चढवलं आणि मग ॲक्सल बसेना. उस्तादने सगळ्यांसमोर झापलं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो ट्रकच्या सावलीत हा कागद काढून बसायचा, कारण वाचायला दुसरं काही नव्हतं. मनातल्या मनात गाडी जोडायचा. त्या दिवशी त्याने ती ओळ स्वतःसाठीच लिहून ठेवली होती. तारीख? त्याला आठवेना. पाऊस चालू होता, गणपती झाले होते की व्हायचे होते ते सांगता येत नाही, म्हणाला. माझ्या टायटल ब्लॉकमधली तारीख आम्ही दोघांनी परत परत वाचली, पण तिला जोडायला त्याच्याकडे दुसरी तारीख नव्हती.

मी विचारलं, तेव्हा तुला काही वाटलं होतं का? काही वेगळं?

"काही नाही, ताई. भूक लागली होती."

मग त्यानेच मला ते सांगितलं, जे मला कळायला हवं म्हणून आंटींनी त्याला मुद्दाम पाठवलं होतं. तो गेल्यानंतर तिसऱ्या वर्षी पोलिसांनी अंकलना बोलावून एक मृतदेह दाखवला होता. चेहरा ओळखण्यासारखा नव्हता, उंची तेवढीच, वयही तेवढंच. अंकल थकले होते. वाट बघण्यापेक्षा एकदा काय ते होऊन जाऊ दे, असं त्यांना झालं होतं, आणि ते होय म्हणायला तयार झाले होते. आंटी माझी प्रिंट पर्समध्ये घेऊन गेल्या होत्या. त्या म्हणाल्या, हा आपला नाही, मुलाने घाई करू नको म्हणून कळवलंय. आणि अंकलना सही न करता परत घेऊन आल्या. नातेवाइकांनी त्यांना वेडी ठरवलं. त्यानंतरही दरवर्षी कुणी ना कुणी विधी उरकून घ्या म्हणायचं आणि त्या तोच कागद पुढे करायच्या.

हे ऐकताना मी रडले. सहा वर्षं ज्याची मला टोचणी होती त्याचं हे असं झालं होतं.

चहा झाल्यावर हरेश जरा घुटमळला. म्हणाला, पप्पा खाली आहेत. वर यायला तयार नाहीत. तेव्हा तुमच्या घरी येऊन जे बोलले, त्याची त्यांना फार लाज वाटते.

मी गॅलरीत गेले. अंकल समोरच्या किराणा दुकानाच्या पायरीवर बसले होते. खूप म्हातारे दिसत होते. मी हाक मारली, "अंकल, वर या. चहा ठेवलाय."

ते आले. जिना चढून दम लागला होता. आईपुढे त्यांनी हात जोडले, आईने बसा म्हटलं. आतल्या कप्प्यातून गाडी काढून तिने हरेशच्या हातात दिली. तो ती डोळ्यांसमोर धरून खालून, वरून बघत होता आणि अंकल त्याच्याकडे बघत होते. मी गाडी घेऊन जा म्हटलं, पण हरेश नको म्हणाला. जिने जोडली तिची. मी नवीन मागवतो मामाकडून, म्हणाला, आणि या वेळी बापाने जोडायला मदत करायची. अंकल त्याला नाही म्हणाले नाहीत. ती दुसरी गाडी त्यांनी खरंच मिळून जोडली. हिरवी. मी पाहिली आहे.

पुढे येणं-जाणं सुरू झालं. हरेशने हुबळीचं सगळं आवरून अंबरनाथला गॅरेज टाकलं. मी स्वतःच्या परीने एक-दोन जाणत्या माणसांना विचारून पाहिलं. फर्नांडिस साहेब योगायोग म्हणाले, पण योगायोगाने रेषेवर रेष बसत नाही. एका डॉक्टरांनी मनाच्या थकव्याबद्दल सांगितलं. ते खरंही असेल, पण त्याने हुबळीतल्या कागदाचा उलगडा होत नाही. त्यानंतर मी पुष्कळ मॉडेल्स जोडली, पुष्कळदा तशाच दुपारी कोरा ट्रेसिंग पेपर समोर ठेवून बसले. काही झालं नाही.

एकदा उल्हासनगरला त्यांच्या घरी गेले असताना आंटींनी वही-पेन्सिल आणली. म्हणाल्या, तुझं नाव आमच्या लिपीत लिहून दाखवते, गिरव. दोनच अक्षरी नाव. मी, जिने वीस वर्षं हातातलं पेन हलू दिलं नाही, ती बालवाडीतल्या पोरीसारखी अडखळत होते. उजवीकडून सुरुवात करायचं विसरत होते, काड्या तिरक्या जात होत्या, टिंबं भलतीकडे पडत होती. चौथ्या खेपेलाही जमलं नाही तेव्हा आंटी हसायला लागल्या, मग हरेशची छोटी हसली, मग मीही हसले. आंटींनी माझा हात आपल्या हातात धरला आणि माझ्याकडून ते नाव लिहून घेतलं.

ती ओळ मी कशी लिहिली, ते मला आजही माहीत नाही.